एक वायर, तीन टीव्ही: पुण्यातल्या एका घराचं केबल डिजिटल झालं त्याची हकीकत

पुण्यात नवी पेठेत एक जुनी तीन मजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर मालकांचं कुटुंब: आजोबा, आजी, मुलगा, सून आणि तेव्हा नववीत असलेला नातू. गच्चीला लागून एक खोली काढलेली, तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं कॉट बेसिसवर राहत. मार्च २०१३ मध्ये या घरात तीन टीव्ही होते. दिवाणखान्यात २९ इंची, पिक्चर ट्यूबवाला. आजी-आजोबांच्या खोलीत २० इंची, तोही ट्यूबवालाच, पण चांगलाच म्हातारा. आणि वर मुलांच्या खोलीत आधीचं कुणीतरी सोडून गेलेला १४ इंची पोर्टेबल. तिन्हींना मिळून केबलची जोडणी एकच आणि महिन्याला २५० रुपये.

टीव्ही दुरुस्ती हा माझा धंदा. हे तिन्ही संच कधी ना कधी माझ्या टेबलावर उघडे पडलेले. त्या वर्षी जुन्या अ‍ॅनालॉग केबलवरून डिजिटलवर जाणारी घरं पुष्कळ पाहिली. कुठे एक अडचण असायची, कुठे दोन. या घरात सगळ्याच अडचणी एकत्र नांदत होत्या, म्हणून हे घर निवडलं.

आधीची मांडणी

केबलवाल्याची काळी वायर शेजारच्या इमारतीवरून गच्चीत उतरत होती. गच्चीच्या जिन्यात पहिला स्प्लिटर. त्याचा एक फाटा मुलांच्या खोलीत, दुसरा खाली दिवाणखान्याच्या माळ्यावर. माळ्यावर दुसरा स्प्लिटर, त्यातून एक वायर २९ इंचीला आणि एक भिंतीच्या कडेकडेने आजींच्या खोलीत. स्प्लिटर सिग्नल वाटतो तेव्हा प्रत्येक फाट्याला निम्म्याहून थोडा कमीच मिळतो. म्हणजे आजींच्या टीव्हीपर्यंत गच्चीवर आलेल्या सिग्नलचा चौथा हिस्साही पोचत नव्हता. अ‍ॅनालॉगला ते चालून जातं. चित्रात मुंग्या येतात, आवाज थोडा खरखरतो, पण माणसं ओळखू येतात आणि मालिका बघता येते.

या फाट्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती आणि केबलवाल्याने कधी हरकतही घेतली नव्हती. त्याला ठाऊक होतं. तो दर महिन्याला पैसे न्यायला यायचा, दिवाणखान्यात बसून चहा घ्यायचा, आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज त्याला ऐकू यायचाच. अ‍ॅनालॉग केबलमध्ये वायरीच्या टोकाला किती संच लावलेत हे त्याच्या यंत्रणेला कळायला मार्गच नव्हता. त्यामुळे हिशेब घरामागे व्हायचा. एक घर, एक वायर, एक रक्कम.

कायदा काय सांगत होता

नेमकी हीच न मोजण्याची सोय सरकारला आणि चॅनेलवाल्यांना मोडायची होती. केबलवाला वर किती जोडण्या दाखवतो आणि गल्लीत खऱ्या किती आहेत, यात मोठी तफावत असे. चॅनेलवाल्यांची तक्रार महसूल बुडाल्याची, सरकारची करमणूक कर बुडाल्याची. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत हा कर जोडणीमागे महिन्याला ४५ रुपये होता, त्यामुळे लपवलेल्या प्रत्येक जोडणीत कुणाचे तरी पैसे अडकलेले. त्यात जागेचीही टंचाई. अ‍ॅनालॉगमध्ये एका चॅनेलला सात-आठ मेगाहर्ट्‌झ लागतात, म्हणून वायरीत जेमतेम शंभरेक चॅनेलं मावतात. एका अ‍ॅनालॉग चॅनेलच्या जागेत डिजिटलची दहा-पंधरा चॅनेलं बसतात.

एक प्रयत्न आधी होऊन गेला होता. २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या ठरावीक भागांत सेट-टॉप बॉक्स, म्हणजे वायरीतला सिग्नल उलगडून टीव्हीला देणारा बॉक्स, आणला गेला. तिथे पैसे देऊन बघायच्या चॅनेलांनाच बॉक्स लागायचा, फुकटची चॅनेलं बॉक्सविना दिसत राहायची. तो प्रकार फार पसरला नाही. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि यावेळी अ‍ॅनालॉग सरसकट बंदच करायचं ठरलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई पहिल्या टप्प्यात. त्यांची ३० जून २०१२ ची मुदत वाढून ३१ ऑक्टोबर झाली. दुसऱ्या टप्प्यात दहा लाखांवरच्या वस्तीची ३८ शहरं. त्यांत पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर होती. मुदत ३१ मार्च २०१३.

पर्याय

फेब्रुवारीपासूनच टीव्हीच्या तळाशी सूचनांची पट्टी फिरत होती. घरात तीन मतं होती. नातवाला डिश हवी होती, कारण त्याच्या वर्गातल्या बहुतेकांकडे डिश आली होती. मुलाला केबलच ठेवायची होती. त्याच वायरीने इंटरनेट येतं आणि केबलवाला हाकेच्या अंतरावर. आजोबांचं म्हणणं, पैसे कशाला द्यायचे, जुना अँटेना लावा.

आजोबांना घरात सगळे हसले, पण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. हा कायदा केबलपुरता होता. दूरदर्शनचं जमिनीवरून होणारं प्रक्षेपण त्याच्या कक्षेत येत नव्हतं, आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दूरदर्शन तेव्हाही अ‍ॅनालॉगमध्येच येत होतं. गच्चीच्या कोपऱ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांचा अँटेना अजून उभा होता. दोन कांड्या गायब, बाकी शाबूत. पण त्यावर खासगी चॅनेलं दिसत नाहीत, आणि आजींच्या संध्याकाळच्या मालिका सगळ्या खासगी चॅनेलांवरच्या.

डिशचं मी जागेवर जाऊन पाहिलं. उपग्रह विषुववृत्तावर असतात, त्यामुळे पुण्यातून ते दक्षिणेकडे दिसतात, बरेच उंच. ८३ अंश पूर्व रेखांशावर असलेल्या, खासगी डिशच्या उपग्रहाकडे बघायचं तर तोंड आग्नेयेपेक्षा जरा दक्षिणेकडे झुकवावं लागतं आणि मान जवळपास ६५ अंश वर. दूरदर्शनची फुकट डिश ज्या उपग्रहावर आहे तो ९३.५ अंशांवर, तो सरळ आग्नेयेला, साधारण ५९ अंश उंचीवर. या घराची बाल्कनी उत्तरेला. म्हणजे डिश लावायची तर गच्चीतच. गच्चीवर जागा होती, परवानगीचा प्रश्न नव्हता, पण प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स डिशलाही लागणारच होता आणि गच्चीतून वेगळी वायरही. शिवाय पावसाळ्यात मोठी सर आली की डिशचं चित्र जातं. पुण्यात हे महिन्यातून चार वेळा झालं तरी आजींनी ते चार वर्षं लक्षात ठेवलं असतं.

दूरदर्शनची डिश स्वस्त होती. एकदा पैसे भरले की महिन्याचं काही नाही. पण त्यात मराठी म्हणजे प्रामुख्याने सह्याद्री. आजोबा खूश, आजी नाराज. शेवटी केबलचा बॉक्स ठरला. मला विचाराल तर या घरासाठी तोच बरोबर होता, आणि त्याचं कारण चित्राचा दर्जा नव्हे. काही बिघडलं तर फोन लावून इंग्रजी-हिंदीत एक दाबा, दोन दाबा करत बसण्यापेक्षा गल्लीतल्या माणसाला हाक मारता येणं आजी-आजोबांच्या वयाला जास्त मोलाचं होतं.

बॉक्स आला आणि सगळं आलबेल वाटलं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बॉक्स आला. एक हजार रुपये, फॉर्मवर मुलाचं नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स. त्या फॉर्मला फार महत्त्व होतं, कारण भरला नाही तर बॉक्स बंद पडेल अशी तंबी होती. फॉर्मवर बॉक्सचा क्रमांक आणि आतल्या कार्डाचा क्रमांक. यापुढे केबल कंपनीच्या लेखी ग्राहक म्हणजे ते दोन क्रमांक. घरात माणसं किती आणि खोल्या किती याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

बॉक्सच्या मागे वायर लावायच्या दोन गोल खोबणी असतात. एक आत येणाऱ्या वायरीची, दुसरी बाहेर जाणारी. केबलवाल्याच्या पोऱ्याने भिंतीतली वायर पहिलीत लावली, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना २९ इंचीच्या मागे खोचल्या आणि आजींच्या खोलीकडे जाणारी वायर दुसऱ्या खोबणीत फिरवून दिली. माळ्यावरचा स्प्लिटर काढून टाकला. पाच मिनिटांचं काम. दिवाणखान्यात नवीन, स्वच्छ चित्र. आजींच्या खोलीतही टीव्ही चालू, पूर्वीच्याच आकड्यांवर पूर्वीचीच चॅनेलं, उलट मुंग्या थोड्या कमीच. वर मुलांकडेही सगळं जसंच्या तसं. घरात आनंदीआनंद: एका बॉक्सवर तिन्ही टीव्ही चालतात!

ती बाहेर जाणारी खोबणी फसवी असते. आत जे आलं तेच ती बाहेर सोडते, बॉक्सने उलगडलेलं चित्र तिच्यातून जात नाही. मुदत संपेपर्यंत केबलवाला एकाच वायरीतून जुनी अ‍ॅनालॉग चॅनेलं आणि नवी डिजिटल चॅनेलं दोन्ही सोडत होता. आजींचा टीव्ही बॉक्सला बगल देऊन आलेलं जुनंच अ‍ॅनालॉग दाखवत होता. मी घरच्यांना साधी परीक्षा करून दाखवली. दिवाणखान्यात रिमोटने चॅनेल बदललं, आजींच्या खोलीतलं चित्र ढिम्म हललं नाही. बॉक्समधून येत असतं तर तिथेही बदललं असतं. केबलवाल्याकडून येणारं अ‍ॅनालॉग बंद झालं की इथे फक्त मुंग्या दिसतील, असं सांगितलं.

“चालतंय ना? मग हात कशाला लावतोस?” आजी म्हणाल्या. हे मला त्या महिन्यात घरोघरी ऐकायला मिळालं. नवीन व्यवस्था सुरू झाली आणि जुनी अजून गेली नाही, अशा मधल्या दिवसांत लोकांना वाटतं आपलं काम झालं. प्रत्यक्षात तेव्हा कामाची सुरुवातही झालेली नसते. सरकारने मुदतीच्या तारखेची जाहिरात भरपूर केली; दुसऱ्या टीव्हीचं काय होणार हे मात्र मी तरी कुठल्या जाहिरातीत पाहिलं नाही.

३ एप्रिलला आयपीएल सुरू झाली आणि नातवाला नवंच दुखणं जडलं. समोरच्या इमारतीत अजून बॉक्स आला नव्हता. तिथे विकेटचा आरडाओरडा आधी व्हायचा आणि याच्या टीव्हीवर गोलंदाज अजून पळतच असायचा. डिजिटलमध्ये चित्र दाबून लहान करावं लागतं, मग बॉक्सने ते साठवून पुन्हा उलगडायचं, त्यात काही सेकंद जातात. पुणे वॉरियर्सची विकेट पडणार हे समोरच्या घरातून आधीच कळत होतं. “पैसे देऊन शिळी मॅच बघतोय,” हे नातवाचे शब्द. महिन्याभरात समोरही बॉक्स आले आणि दोन्ही इमारती एकाच वेळी ओरडू लागल्या, तेव्हा तक्रार संपली.

मुंग्या

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी अ‍ॅनालॉग गेलं. आजींच्या टीव्हीवर मुंग्या, मुलांच्या टीव्हीवर मुंग्या. दिवाणखान्यात सगळं ठणठणीत. आजींनी आधी मला फोन केला, टीव्ही बिघडला म्हणून.

आता केबलवाल्याने हिशेब सांगितला. प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स, हजार रुपये एकाचे. महिन्याला पहिल्याचे २५०, पुढच्या प्रत्येकाचे १५०. म्हणजे तिन्ही टीव्ही चालू ठेवायचे तर आणखी दोन हजार एकरकमी आणि महिन्याला २५० च्या जागी ५५०.

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांचा मुद्दा सरळ होता: घर एक, विजेचं मीटर एक, मग टीव्हीगणिक पैसे कशाचे? केबलवाल्याचं उत्तरही सरळ होतं: वर कंपनी माझ्याकडून बॉक्सगणिक घेते, मी काय करू? दोघंही खरं बोलत होते. इतकी वर्षं हिशेबाचं माप घर होतं, ते एका रात्रीत टीव्हीचा संच झालं होतं. घरात कुणी काही नवं विकत घेतलं नव्हतं. एक टीव्ही वाढला नव्हता, एक तास जास्त बघितला जात नव्हता. तरी खर्च दुपटीच्या वर गेला, कारण आधी जे कुणाला दिसत नव्हतं ते आता मोजलं जात होतं. माझ्या मते या सगळ्या बदलाचं मर्म इथे आहे, आणि चित्र किती स्वच्छ झालं याच्याच गप्पा मारणाऱ्यांनी ते नजरेआड केलं.

मी एक मधला मार्ग सुचवला. बॉक्स एकच ठेवायचा आणि त्याचं उलगडलेलं चित्र मॉड्युलेटर नावाच्या डबीतून पुन्हा वायरीवर चढवून तिन्ही खोल्यांत न्यायचं. खर्च पाचशेच्या आत. अट एकच: दिवाणखान्यात जे लागेल तेच सगळीकडे. साडेसातला आजींची मालिका, आठला मॅच. मध्ये सूनबाईंची स्वतःची मालिका, तिचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदा तेव्हा केला. मार्ग तिथेच बारगळला.

एक गोष्ट मात्र आजोबांनी कागदपत्रं वाचून शोधली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे किमान शंभर फुकट चॅनेलांचा मूळ संच १०० रुपये अधिक कर एवढ्यात द्यावा लागे. केबलवाल्याने असा संच असतो हे सांगितलंच नव्हतं. विचारल्यावर “आहे, पण कुणी घेत नाही” म्हणाला. आजोबांनी दुसरा बॉक्स त्याच संचावर मागितला. दोन दिवसांनी आजींच्या लक्षात आलं की त्यांच्या मालिकांची चॅनेलं त्यात नाहीत. मग दुसरा बॉक्स १५० वाला झाला आणि आजोबांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मुलांच्या खोलीचं भाडं ठरताना ‘टीव्हीसह’ असा शब्द गेलेला. तिसरा बॉक्स कुणाच्या पैशाने? मुलं म्हणाली आम्ही बातम्या आणि मॅच एवढंच बघतो, मॅच मेसमध्येही दिसते. तेव्हा आजोबांचा अँटेना कामी आला. दोन कांड्या नव्या बसवल्या, तोंड नैर्ऋत्येला सिंहगडाकडे केलं, वायर १४ इंचीला जोडली. राष्ट्रीय दूरदर्शन स्वच्छ, त्यातच प्रादेशिक वेळेत सह्याद्रीचे कार्यक्रम आणि मराठी बातम्या. चालू घडामोडींच्या अभ्यासाला पुरेसं, आणि खर्च फक्त कांड्यांचा. गच्चीवर त्या काळात सगळ्यांच्या डिशा आग्नेयेकडे बघत असताना हा एकटा अँटेना पाठ फिरवून उभा होता.

आजींचा टीव्ही

खरी मेहनत दुसऱ्या बॉक्सची. आजींच्या २० इंचीला मागे फक्त अँटेनाची खोबण. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायची सोयच नाही. बॉक्समधून तर चित्र फक्त त्या पिनांवरच बाहेर येतं.

माळ्यावर एक व्हीसीआर पडला होता. मुलाच्या लग्नाची कॅसेट बघायला घेतलेला, मग कापडात गुंडाळून ठेवलेला. व्हीसीआरला पिनांमधून चित्र आत घेता येतं आणि ते अँटेनाच्या वायरीवर चढवून टीव्हीला देता येतं. त्याच्या पोटात मॉड्युलेटर असतोच. बॉक्सच्या पिना व्हीसीआरला, व्हीसीआरची वायर टीव्हीला, टीव्हीवर मोकळी फ्रीक्वेन्सी शोधून एक नंबरला साठवली. चित्र आलं. आवाज एकाच बाजूचा, पण त्या टीव्हीला स्पीकरही एकच होता.

चार दिवस बरे गेले. मग लाइट गेली. परत आल्यावर टीव्ही आपला आपण चालू झाला, बॉक्सही मिनिटभरात उठला, व्हीसीआर मात्र झोपलेलाच. त्याला लाइट आल्यावर बटण दाबून जागं करावं लागे. आजींना समोर दिसल्या मुंग्या. त्या उन्हाळ्यात लाइट बऱ्याचदा जायची, आणि प्रत्येक वेळी मला फोन. शेवटी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक छोटा मॉड्युलेटर आणला. त्याला बटणच नाही, वीज आली की चालू. टीव्ही, बॉक्स, मॉड्युलेटर तिन्ही एकाच बोर्डवर, एकाच मोठ्या बटणावर घेतले. व्हीसीआर परत माळ्यावर गेला.

रिमोट दोन झाले. आजींची सवय टीव्हीच्या रिमोटची. त्यावर चॅनेलचं बटण दाबलं की टीव्ही एक नंबर सोडून दोनवर जाई आणि पुन्हा मुंग्या. मी टीव्हीचा आवाज मध्यावर ठेवला, त्याचा रिमोट आजोबांच्या कपाटात ठेवायला दिला आणि आवाजही बॉक्सच्याच रिमोटने कमी-जास्त करायला शिकवलं. त्या रिमोटवरची नको ती बटणं चिकटपट्टीने झाकली. बाकी राहिले आकडे. पूर्वी आजींची चॅनेलं एक-दोन आकडी होती, बोटांना पाठ. आता तीन आकडी, आणि कंपनी अधूनमधून ते बदलते. सूनबाईंनी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत पाच चॅनेलांचे आकडे लिहून टीव्हीशेजारी भिंतीला लावले. पुढे कित्येक महिने तोच कागद खोडून, वर नवा आकडा लिहून वापरात होता.

ठोकळे

मे महिन्यात नवी तक्रार. संध्याकाळी चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात, आवाज तुटतो, मग ‘सिग्नल नाही’. विचित्र म्हणजे आजींची मराठी चॅनेलं बहुतेक एकदम जायची आणि हिंदी बातम्या व्यवस्थित चालायच्या. “मराठीवरच का उठलेत?” असं आजोबांनी केबलवाल्याला सुनावलंही.

कारण तांत्रिक होतं. डिजिटलमध्ये दहा-पंधरा चॅनेलं गठ्ठ्याने एका फ्रीक्वेन्सीवर बसवलेली असतात. वायरीत दोष असला तर तो एखाद्या फ्रीक्वेन्सीलाच जास्त बाधतो, आणि मग तो अख्खा गठ्ठा जातो. अ‍ॅनालॉगमध्ये याच दोषामुळे एखादं चॅनेल धूसर दिसलं असतं आणि कुणी लक्षही दिलं नसतं. डिजिटल सहन करतं तोवर चित्र निर्दोष असतं, त्यापुढे काहीच नसतं.

माळ्यावर चढलो. भिंतीच्या कडेला वायर दोन ठिकाणी जोडलेली: आतल्या तारा पिळून वर काळी टेप. एका जोडावर छतातून ओल उतरली होती. टेप सोलली तर तांब्यावर हिरवी बुरशीसारखी पूड आणि बाहेरची जाळी हातात कुस्करली. तिकडे गच्चीच्या जिन्यातल्या स्प्लिटरचा मुलांकडे जाणारा फाटा अँटेना लावताना काढला होता, त्याचं तोंड तसंच उघडं होतं. तिथून सिग्नल परत फिरून गोंधळ घालतो. तो स्प्लिटर काढला, गच्चीपासून माळ्यापर्यंत नवी जाड वायर टाकली, तिथे एकच चांगला स्प्लिटर बसवला आणि दोन्ही बॉक्सना सलग, बिनजोडाच्या वायरी दिल्या. टोकांना पिळून बसवायचे कनेक्टर टाळले, दाबून बसवायचे वापरले. खर्च सहाशेच्या आसपास. बॉक्स बदलून मागायच्या आधी वायर बदला, हे मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. जुन्या इमारतींत दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अंदाज आहे.

सहा वर्षांनी

२०१९ मध्ये त्याच घरात पुन्हा बोलावणं आलं. यावेळी बिघाड काही नव्हता. १ फेब्रुवारीपासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दररचना लागू झाली होती. बघायची चॅनेलं स्वतः निवडायची, प्रत्येकाची किंमत वेगळी, आणि त्याआधी जोडणीचं शुल्क शंभर चॅनेलांपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही पैशाचं चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे. ग्राहक राजा झाला असं वर्तमानपत्रांत आलं होतं.

राजाने आजोबांच्या चौकोनी वहीत हिशेब मांडला. मराठी चॅनेलं सगळी, नातवाला खेळ, सूनबाईंना दोन हिंदी. बेरीज जुन्या रकमेच्या वर गेली. त्यात दुसऱ्या बॉक्सलाही १५३.४० वेगळे, आणि आजींना हवी असलेली चॅनेलं पुन्हा दुसऱ्यांदा विकत. तीच माणसं, तेच चॅनेल, भिंतीपलीकडे वेगळी किंमत. मी त्यांना एवढंच सांगू शकलो की दोन बॉक्सवर एकच यादी घेऊ नका. दिवाणखान्यात खेळ आणि हिंदी, आजींकडे फक्त मराठी. त्याने दीडशेच्या आसपास वाचले.

हे प्रकरण थोडं तरी मागे फिरलं ते २०२० मध्ये. ट्रायने जोडणी शुल्कात दोनशे चॅनेलं बसवली आणि एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला पहिल्याच्या शुल्काच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त लावू नये असं ठरवलं. म्हणजे १३० च्या जागी ५२. सात वर्षांनी नियमांच्या पुस्तकात घर परत आलं, अर्धवट का होईना.

केबलवाल्याच्या बिलात ते आपोआप आलं नाही. आजोबांनी वाट पाहिली, मग पोस्टातल्या वळणदार अक्षरात एक पानी अर्ज लिहिला, दोन्ही बॉक्सचे क्रमांक घातले, पत्ता एकच असल्याचं अधोरेखित केलं आणि पोच घेतली. पुढच्या बिलात दुसऱ्या बॉक्सपुढे ५२ अधिक कर आला आणि आधीच्या दोन महिन्यांचं जास्तीचं वळतं झालं. वरच्या खोलीतला १४ इंची त्याआधीच भंगारात गेला होता; मुलं मोबाइलवर बातम्या बघू लागली होती. अँटेना मात्र आजोबांनी काढू दिला नाही, २०२१ च्या सुमारास प्रसार भारतीने ठिकठिकाणचे अ‍ॅनालॉग मनोरे बंद करत आणले तेव्हाही. आता त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते.